मालवणातली बुकिंग वेबसाइट विकायची, तर किंमत कशी ठरते?

तारकर्लीतलं स्कुबा डायव्हिंग, देवबागमधले होमस्टे यांचं बुकिंग घेणारी छोटी वेबसाइट विकायला काढली, तर खरेदीदार नेमकं काय विकत घेतो? ना बोट, ना खोल्या. तो घेतो पुढच्या हंगामांचं कमिशन.

नफा कसा मोजायचा?

मे महिन्याच्या गर्दीवरून अंदाज बांधू नका. पावसाळ्यात जलपर्यटन बंद असतं, म्हणून पूर्ण १२ महिन्यांचा हिशोब धरा. समजा, कमिशन ९ लाख आणि खर्च ३ लाख. उरलेले ६ लाख हा सगळा नफा नव्हे. मालक स्वतः फोन घेतो. त्या जागी माणूस ठेवला, तर वर्षाचा पगार ३ लाख. म्हणजे खरा नफा ३ लाख. किंमत या नफ्याच्या किती पट, ते घासाघिशीत ठरतं. दुप्पट ठरली, तर ६ लाख.

भाव कशाने वाढतो?

बुकिंग मालकाच्या खासगी नंबरवर येत असेल, तर मालकाबरोबर धंदाही जातो. व्यवसायाचा वेगळा नंबर आणि बोटवाल्यांशी लेखी करार विक्रीआधीच करा.

नावावर काय होतं?

डोमेन आणि गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल. एकल मालकीची जीएसटी नोंदणी मात्र मालकाच्या पॅनशी जोडलेली असते. खरेदीदाराला स्वतःची लागते.

विकून पुन्हा तोच धंदा केला तर?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा करण्यावर बंदी घालणारा करार सहसा रद्द ठरतो. पण नावलौकिक विकताना वाजवी, ठरावीक भागापुरती अट चालते. त्यामुळे खरेदीदाराने तो भाग करारात स्पष्ट लिहून घ्यावा.