डिस्पॅच: टपालातला की तक्त्यातला?

सरकारी कचेरीत डिस्पॅच म्हटलं की जावक नोंदवही, शिक्का आणि पाकिटं. प्रोग्रॅमिंगमध्ये डिस्पॅच म्हणजे समोरच्या गोष्टीच्या प्रकारावरून कोणतं काम चालवायचं ते निवडणं. त्यातल्या ‘सिंगल’, ‘डबल’ आणि ‘मल्टिपल डिस्पॅच’चं मूळही तिथेच असावं, असं अनेकांना वाटतं. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात घडलेल्या स्मॉलटॉक या भाषेमुळे या समजाला बळ मिळतं. तिच्यात 3 + 4 म्हणजे 3 ला धाडलेला ‘+’ हा निरोप, सोबत 4. निरोप आला की टपाल आलं, टपालामागोमाग डिस्पॅच.

ही व्युत्पत्ती गोड आहे, पण लिस्प या दुसऱ्या भाषेच्या मंडळींकडे हाच शब्द टपालाविना नांदत होता. गाय स्टील यांच्या 1984 च्या ‘कॉमन लिस्प’ ग्रंथात # या चिन्हाला ‘डिस्पॅचिंग’ चिन्ह म्हटलं आहे. मजकूर वाचताना # दिसलं की लिस्प पुढचं अक्षर पाहतं आणि तक्त्यात त्या अक्षरासमोर नेमलेलं फंक्शन चालवतं. पुढे कंस असेल तर व्हेक्टर, उलटी तिरकी रेघ असेल तर एकच अक्षर. इथे कुणी कुणाला काही पाठवत नाही. एबलसन आणि ससमन यांच्या 1985 च्या पाठ्यपुस्तकातही ‘प्रकारावरून डिस्पॅच’ हा शब्दप्रयोग आहे, आणि सोबत तक्ता: एका बाजूला क्रिया, दुसऱ्या बाजूला प्रकार. शब्दाचं माहेर हे, असंच म्हणावंसं वाटतं.

मग टपालवाल्यांचं म्हणणं साफ खोटं का? तसंही नाही, आणि कुळकथेतली खरी गंमत इथेच आहे.

1986 साली अमेरिकेत पोर्टलंडला ऊप्स्ला ही परिषद भरली. स्मॉलटॉकच्या शिल्पकारांपैकी डॅन इंगल्स यांनी तिथे जेमतेम तीन पानांचा निबंध मांडला. प्रश्न असा: आकृती अनेक प्रकारच्या, त्या उमटवायची माध्यमंही अनेक प्रकारची, मग कोणतं काम करायचं हे दोन्हींवरून ठरवायचं कसं? उपाय साधा होता. आयताला सांगायचं, ‘या माध्यमावर उमट’. आयत माध्यमाला सांगतो, ‘मी आयत आहे, मला उमटव’. पहिल्या निरोपात आकृतीचा प्रकार कळला, दुसऱ्यात माध्यमाचा. निबंधाच्या शीर्षकात ‘मल्टिपल पॉलिमॉर्फिझम’ होतं. पण जगाने या युक्तीला ‘डबल डिस्पॅच’ म्हटलं.

त्याच परिषदेत डॅनियल बोब्रो आणि सहकाऱ्यांनी कॉमनलूप्स ही लिस्पमधली ऑब्जेक्ट-प्रणाली मांडली. तिच्यात मल्टिमेथड होत्या. फंक्शनला दोन्ही गोष्टी एकदमच द्यायच्या आणि दोघांचे प्रकार मिळून एकच निवड करायची. कॉमन लिस्पच्या क्लॉस या ऑब्जेक्ट-प्रणालीतून पुढे हीच कल्पना 2012 साली जाहीर झालेल्या ज्युलिया या भाषेपर्यंत आली.

म्हणजे ‘डबल’मध्ये मोजलेत ते निरोप, ‘मल्टिपल’मध्ये मोजल्यात त्या तक्त्यातल्या किल्ल्या, म्हणजे प्रकार. दिसायला सख्खी भावंडं, पण घराणी दोन.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप ‘डिझाइन पॅटर्न्स’ या 1994 च्या गाजलेल्या पुस्तकाचा. त्यातल्या ‘व्हिजिटर’ या रचनेची चर्चा करताना पुस्तकाच्या चार लेखकांनी ‘डबल’ची व्याख्या निरोपांवर नव्हे, दोन प्रकारांवर बेतली, आणि क्लॉसलाही त्याच पंगतीत बसवलं. व्याख्या म्हणून ती नीटनेटकी आहे. इतिहास म्हणून मात्र ती दोन घराण्यांमधली भिंतच पाडते. शिवाय व्हिजिटरचं काम चालतं ते इंगल्ससारख्याच एकापाठोपाठच्या दोन हाकांवर.

‘सिंगल डिस्पॅच’ हे नाव तर मागाहून ठेवलेलं. एकाच प्रकारावरून निवड करायची सोय सिम्युला 67 या भाषेत होती, तिचं नाव ‘व्हर्च्युअल’. एकापेक्षा अधिक प्रकार पाहणारी रीत आली नसती, तर ‘सिंगल’ म्हणायची गरजच पडली नसती.

या मोजणीचा गोंधळ अजून चालू आहे. 2014 च्या पायथन 3.4 मध्ये ‘सिंगलडिस्पॅच’ आलं. ते क्लासबाहेरच्या साध्या फंक्शनसाठी, पहिल्या आर्ग्युमेंटचा प्रकार पाहणारं. पाच वर्षांनी 3.8 मध्ये त्याची मेथडसाठीची आवृत्ती आली. तिथे आधी ऑब्जेक्टच्या क्लासवरून मेथड सापडते, मग ‘सेल्फ’नंतरच्या आर्ग्युमेंटवरून तिचं रूप ठरतं. निवडी दोन होतात, तरी तिच्या नावात ‘सिंगल’च आहे.