चुन्याच्या पिंपापासून रंगाच्या डब्यापर्यंत

घर रंगवायला बाहेरचा कारागीर बोलावण्याची पद्धत महाराष्ट्रात शहरांबरोबर वाढली. खेड्यातल्या मातीच्या भिंती घरच्या बायकाच सारवत. शेण, पांढरी माती आणि काव एवढ्यावर काम भागे. चुन्याच्या सफेदीला मात्र तयारी लागे. लोणारी समाजातले भट्टीवाले चुनखडी भाजून कळीचा चुना विकत. तो पिंपात विरवायचा, फडक्यातून गाळायचा, डिंक आणि चिमूटभर नीळ घालायची, मग कुंच्याने दोन-तीन हात द्यायचे. ताजा चुना हात आणि डोळे भाजतो, म्हणून हे काम सवयीच्या माणसाकडे गेले. माल स्वस्त आणि मजुरी रोजावर, त्यामुळे घासाघीस करायला फारसे काही नव्हते. कामाचा हंगाम ठरलेला असे, पावसाळा संपल्यापासून दिवाळीपर्यंत.

सफेदीला सरकारी सक्तीचे रूप आले ते प्लेगमध्ये. १८९६मध्ये मुंबईत आणि पुढे पुण्यात साथ पसरली, तेव्हा घरे धुऊन त्यांना चुना फासणाऱ्या टोळ्याच नेमल्या गेल्या. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत असल्याने या चुन्याचा उपयोग बेताचाच झाला असणार. लोकांच्या लक्षात राहिली ती परक्यांची घरातली घुसखोरी.

कारखान्यातला रंग आला आणि धंद्याचे गणित बदलले. १९२०मध्ये मुंबईत लोअर परळला गहागन पेंट्सचा कारखाना निघाला. त्याचीच पुढे नेरोलॅक झाली. १९४२मध्ये, युद्धामुळे परदेशी रंगाची आयात अडली असताना, चार मित्रांनी मुंबईतच एशियन पेंट्स सुरू केली. १९५४मध्ये व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी या कंपनीच्या जाहिरातींसाठी रंगाचा डबा धरलेला ‘गट्टू’ हा मुलगा काढला.

डिस्टेंपर आणि ऑइलपेंट जुन्या चुन्यावर नीट धरत नाहीत, पापुद्रे सुटतात. त्यामुळे पत्र्याने खरवडणे, लांबी (पुट्टी) भरणे, पॉलिश पेपर मारणे आणि प्रायमर देणे ही कामे वाढली. रंग लावणे सर्वांत शेवटी आणि, खरे तर, सर्वांत सोपे. रंगाऱ्याचे कसब रंगाखाली झाकलेल्या या कामात असते, आणि फसवणुकीला वावही तिथेच असतो. लांबीचा एक हात कमी मारला तर मालकाला ते लगेच कळत नाही.

मुंबईत याच सुमारास भाडेकायद्याचीही भर पडली. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला गोठली. चाळमालकांनी डागडुजीतून अंग काढले आणि खोलीच्या रंगाचा खर्च भाडेकरूच्या खिशातून जाऊ लागला. एका खोलीचे काम करणारा, नाक्यावर ब्रश घेऊन उभा राहणारा रंगारी या गिऱ्हाइकाला परवडे. मोठ्या इमारतीचे काम ठेकेदाराकडे जाई. परांची बांधणे आणि माणसे पुरवणे ही जबाबदारी त्याची.

व्यवहाराचे दोन प्रकार रूढ झाले: नुसत्या मजुरीवर किंवा मालासकट. मोजणी ब्रासवर, म्हणजे १०० चौरस फुटांवर होई, पुढे चौरस फुटावर. दारे-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही, यावरून हमखास वाद होतो, म्हणून ते आधी ठरवलेले बरे. मालासकट काम दिल्यास रंग पातळ होण्याचा धोका. मजुरीवर दिल्यास डबे मालकाने आणायचे, तरी कोणत्या कंपनीचे ते बहुधा रंगारीच सुचवतो. कंपन्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी डब्यांत रंगाऱ्यांसाठी बक्षिसाची टोकने घातली. छटा जुळवण्याचे कसब मात्र दुकानातल्या यंत्रांनी त्याच्या हातून काढून घेतले.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे सर्रास असे. २०१६च्या नियमांनी घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भागांवर आणली आणि ती १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीचे थर अजून अनेक दारा-खिडक्यांवर आहेत. ते कोरडे घासू देऊ नयेत. ओले करूनच घासावेत, आणि तेवढा वेळ लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.