स्वर लिहावा कीं बोट?

गाणें कागदावर उतरवावें कीं नाहीं, हा वाद महाराष्ट्राला नवा नाहीं. हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांशेजारच्या वाकडांत आज एकादा तरुण गिटार मांडीवर घेऊन आपली चाल संगणकावर टिपूं लागतो, तेव्हां त्या जुन्या वादांतीलच एक प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो : लिहावयाचें तें काय? स्वर, कीं तो काढणाऱ्या बोटाची जागा?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या बहुतेक चिजा घराण्यांच्या मुखांतच होत्या. गवई गेला कीं त्यांतल्या कित्येक त्याच्याबरोबर जात. मुंबईस वाळकेश्वरीं 1860 सालीं जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे पेशानें वकील होते. त्यांनीं देशभर हिंडून चिजा मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्या स्वरलिपीसह लोकांपुढें ठेवल्या. त्यांची लिपि साधी होती : कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखालीं बिंदु व तार स्वरावर बिंदु. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं 1901 सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें व आपली निराळी लिपि चालविली. दोघांचीं चिन्हें भिन्न, तरी दोघांनीं लिहिला तो स्वरच. षड्ज कोणता धरावा आणि वाद्यावर बोट कोठें ठेवावें, हें शिष्यानें गुरूपाशीं बसूनच शिकावयाचें.

गोमंतकांतील वाट निराळी. तेथें पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या शाळांतून मुलांना पांच रेघांची युरोपीय लिपि शिकवीत. म्हणूनच पुढें मुंबईच्या चित्रपटसृष्टींत सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय कलावंत वाद्यवृंदाचे कागद लिहून देऊं शकले. या लिपींत स्वराची उंची ठरलेली असते; परंतु बोटाची जागा तिलाही आपोआप सांगतां येत नाहीं.

गिटारवर हीच अडचण ठळक होते. पहिली तार मोकळी छेडली असतां जो स्वर निघतो, तोच दुसऱ्या तारेच्या पांचव्या पडद्यावर आणि तिसरीच्या नवव्या पडद्यावरही मिळतो. स्वर एक, जागा तीन, आणि प्रत्येक जागेचा नाद वेगळा. पांच रेघांवर मात्र या तिहींसाठीं एकच ठिपका पडतो.

या अडचणीवर युरोपांत फार पूर्वीं तोड निघाली होती. 1507 सालीं व्हेनिसच्या ओत्ताव्यानो पेत्रुच्ची यानें ल्यूट वाद्याचीं पुस्तकें छापलीं. त्यांत तारांसाठीं सहा रेघा, पडद्यांसाठीं आंकडे आणि वर कालमानाचीं चिन्हें होतीं. यालाच टॅब्लेचर म्हणतात. तें स्वराचें नांव सांगत नाहीं, बोटाचा पत्ता सांगतें.

1997 सालीं फ्रान्समध्यें ‘गिटार प्रो’ ही संगणक-प्रणाली निघाली. ‘म्यूझस्कोर’ सारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीही आल्या. त्यांनीं या दोन लिपी एकाखालीं एक मांडल्या. तारेच्या रेघेवर आंकडा लिहावा, कीं वर स्वर आपोआप उमटतो. लिहिलेलें लगेच वाजवून ऐकतां येतें, त्यामुळें चूक कानाला कळते.

मात्र भातखंडे-लिपींतील एकादी चीज गिटारवर आणावयाची, तर तीन निर्णय माणसालाच करावे लागतात. प्रथम षड्ज ठरवावा. मग प्रत्येक स्वरासाठीं तार निवडावी. शेवटीं मींड कशी दाखवावी तें पाहावें. तार ओढण्याचा बाण अर्धा सूर कीं पुरा सूर एवढें दाखवितो. ओढ किती सावकाश घ्यावी, मध्यें कोठें रेंगाळावें, हें त्या बाणांत मावत नाहीं.

म्हणून छापील चिजेवर नाक मुरडणारे जुने उस्ताद अगदींच चुकले नव्हते, आणि चिजा छापणारे भातखंडेही चुकले नव्हते. लिहिलेली चाल निदान उरते, आणि उरलेल्या चालींत प्राण घालणारा कोणी पुढें भेटूं शकतो. न लिहिलेलीला ती आशाही नसते. वाकडच्या त्या तरुणानें स्वर लिहावा आणि बोटही लिहावें. मग कागद बाजूस ठेवून जाणत्याकडून तीच चाल ऐकावी.