जामखेडहून निघालेली वाट

सोलापूर जिल्ह्यातले केम हे कुंकवाचे गाव. इथेही इतर गावांप्रमाणे बाळंतिणीच्या दारी आज आशाताई येते. तिच्या कामाचे एक मूळ करमाळ्याच्या उत्तरेला, जामखेडला सापडते.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केले. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायका दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि परतून गावाला शिकवत. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात या कामाची दखल घेतली गेली.

2 ऑक्टोबर 1977 रोजी केंद्र सरकारने हजार वस्तीमागे एक आरोग्य रक्षक नेमण्याची योजना आणली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना 50 रुपये मानधन. योजना झपाट्याने पसरली. पण निवड झाली ती बहुतांशी पुरुषांची. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश कसा मिळणार? शिवाय जामखेडचे शिक्षण अखंड चालणारे होते. इथे ते तीन महिन्यांत आटोपले.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली. ती त्याच गावची, आणि स्त्रीच असावी, असे ठरले. एवढे उमगायला 28 वर्षे गेली. मात्र शिक्षणाची अट आली आणि जामखेडची निरक्षर बाई बाहेर राहिली.

योजना वाढवताना माणसांची संख्या गुणता येते. पण निवड कोण करणार आणि शिकवत कोण राहणार, हे आधीच ठरवावे लागते.