कामगारांची यादी आणि विषाचे शास्त्र



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. दहावीच्या पुढे न गेलेल्या माणसास येथे उभे करण्यात चालकांनी थोडे साहसच केले आहे. विषशास्त्र आणि साथरोगशास्त्र ही पदव्युत्तर वर्गांत शिकवली जाणारी शास्त्रे. त्यांतील पदवी आमच्यापाशी नाही. परंतु ती कशावर उभी राहिली याचा इतिहास आम्ही मिळेल तेथून वाचला, आणि वाचायला लावले आमच्याच एका चुकीने. ती आधी सांगून टाकतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत एक मुलगी आली. एम.बी.बी.एस. होऊन पुढचा अभ्यास करीत होती. तिने विचारले, "काका, १९९० च्या आसपास लॅगिंगचे जे कामगार तुमचे सभासद होते, त्यांची यादी मिळेल का?" लॅगिंग म्हणजे बॉयलरला आणि वाफेच्या नळांना उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून वेष्टण घालण्याचे काम. त्या काळी ते पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असे. दोर, कापड, नाहीतर पाण्यात कालवलेला लगदा. आम्ही म्हणालो, "अहो डॉक्टरीणबाई, यादी कशाला? चारदोन म्हातारे अजून आहेत, त्यांनाच विचारा." ती म्हणाली, "त्यांना विचारीनच. पण जे आज दिसत नाहीत त्यांची मोजदाद करायची आहे."

आम्ही गप्प बसलो. कारण २००६ साली कचेरी हलवताना जुन्या नोंदवह्या आम्हीच रद्दीत घातल्या होत्या. गोण्या भरून, किलोच्या भावाने. आलेल्या पैशांत नव्या खोलीला एक ट्यूबलाइट आणि सर्वांना चहा झाला.

आता इतिहासाकडे वळू. १७०० साली इटलीत बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. घरचा शौचकूप उपसणारा माणूस घाईघाईने काम उरकतो आहे हे पाहून त्याने कारण विचारले, आणि त्या कामाने डोळे जातात हे त्याला कळले. तेव्हापासून रोग्याला 'धंदा कोणता?' हे विचारलेच पाहिजे असा त्याचा आग्रह. आजही दवाखान्यात नाव, वय, वजन विचारतात. धंदा विचारणारा डॉक्टर विरळा.

पुढे १८१४ साली पॅरिसमध्ये ऑर्फिला याने विषांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि विषशास्त्राला शास्त्राचे रूप आले. हा पदार्थ शरीरात जाऊन काय करतो, किती मात्रेने करतो, हा त्याचा प्रश्न. पण हे शास्त्र वाढले कोर्टकचेऱ्यांत. कुणी कुणाच्या जेवणात सोमल कालवला, त्याच्या तपासात. कामगाराचे विष असे एका रात्रीत कुणी कालवीत नाही. ते वीस-वीस वर्षे पगारासोबत मिळते. ते पकडायला एकट्या परीक्षानळीचे बळ अपुरे पडते. तेथे मोजणारे शास्त्र लागते.

मोजणे म्हणजे नुसती प्रेते मोजणे नव्हे. १८५४ च्या लंडनमधील पटकीच्या साथीत जॉन स्नोने पंपाचा दांडा काढवला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आम्हांला त्याचे दुसरे काम मोठे वाटते. लंडनच्या एकाच भागात दोन कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी होते. एक कंपनी शहराच्या गटारांनी घाण झालेले थेम्सचे पाणी देई, दुसरी वरच्या बाजूचे स्वच्छ पाणी. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिलीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले, दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८. येथे घरांचा आकडा नसता, तर मृत्यूंच्या आकड्याला काही अर्थच उरला नसता. किती मेले हा अर्धा प्रश्न. कितींपैकी मेले हे कळल्याशिवाय तो पुरा होत नाही.

कारखान्यात हे 'कितींपैकी' सांगणार कोण? डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांना हीच अडचण पडली. १९१० साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात त्या शिशाच्या विषबाधेचा तपास करू लागल्या, तेव्हा 'आमच्याकडे कुणी आजारी नाही' असे उत्तर मिळे. बाई इस्पितळांची दप्तरे चाळीत, कामगारांच्या घरी जात. १९१९ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना औद्योगिक वैद्यक शिकवायला घेतले. तेथील त्या पहिल्या स्त्री-अध्यापक. मात्र प्राध्यापकांच्या क्लबात यायचे नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही आणि फुटबॉलची तिकिटे मागायची नाहीत, असा ठराव होता! १९३५ साली निवृत्त झाल्या तेव्हाही त्या साहाय्यक प्राध्यापकच होत्या.

आता ॲस्बेस्टॉस. १९२४ साली इंग्लंडात रॉचडेल येथे नेली केर्शॉ ही कामगार स्त्री ३३ व्या वर्षी वारली; तिच्या फुप्फुसांवर डॉ. कुक यांनी वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. १९३० साली मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला. त्यांनी ३६३ कामगार तपासले. शंभरांत सव्वीस जणांची फुप्फुसे निबर झालेली आढळली. पण हे सारे कामावर हजर असलेले लोक होते. ज्यांना दम लागून काम सोडावे लागले, ते त्या मोजणीत आलेच नाहीत. कारखाना धडधाकट माणूस भरती करतो आणि खंगलेला माणूस आपोआप गळतो. म्हणून हजेरीपटावर पाहावे तो सगळे पहिलवान! साथरोगशास्त्राचे विद्यार्थी या फसगतीवर आज स्वतंत्र धडा वाचतात. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी वीस वर्षे किंवा अधिक काळ हे काम केलेल्या ११३ पुरुषांचा माग काढला. फुप्फुसाच्या कर्करोगाने एखादाच मृत्यू अपेक्षित असताना ११ झाले होते.

आणि मग न्यूयॉर्कचे डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ. ते न्यू जर्सीतील पॅटरसन गावी दवाखाना चालवीत, आणि तेथील ॲस्बेस्टॉस कारखान्याचे कामगार त्यांच्याकडे येत. कंपन्यांकडून नोंदी मिळेनात, तेव्हा ते लॅगिंग करणाऱ्या कामगारांच्या युनियनकडे गेले. हे कामगार आज या कंत्राटदाराकडे, उद्या त्या जहाजावर. कोणत्याच मालकाच्या वहीत त्यांचे पुरे आयुष्य नाही. ते होते फक्त युनियनच्या वहीत, कारण तेथे वर्गणी भरली जाई. १९४३ पूर्वी धंद्यात आलेल्या ६३२ जणांचा १९६२ अखेरपर्यंत शोध लागला. फुप्फुस आणि त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने ६.६ मृत्यू अपेक्षित होते, झाले ४५. १९६४ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे त्याच युनियनच्या १ जानेवारी १९६७ च्या यादीवरून सुमारे १७,८०० सभासदांचा अभ्यास सुरू झाला. हा निबंध वाचताना आम्हांला त्या युनियनच्या कारकुनाचा हेवा वाटला. त्याचे नाव कुठे छापलेले आमच्या वाचनात आले नाही.

आपल्याकडे या विद्येची घरे आहेत. कलकत्त्यास १९३२ साली सार्वजनिक आरोग्याची संस्था निघाली, लखनौस १९६५ साली औद्योगिक विषशास्त्राची, अहमदाबादेस १९६६ साली कामगार-आरोग्याची. ॲस्बेस्टॉसच्या प्रश्नावर २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी. निकाल उत्तमच. पण आमचा लॅगिंगवाला कंत्राटदाराचा माणूस. कंत्राटदार चाळीस दिवसांची नोंद ठेवील तर शपथ. म्हणजे सेलिकॉफ यांना लागली तशी यादी आमच्याकडेही एकाच ठिकाणी होती, आणि ती आम्ही विकली.

सगळी मात्र नाही. ती मुलगी गेल्यावर आम्ही कपाट उपसले. जुन्या सायक्लोस्टाइल यंत्राचा एक पाय आखूड होता. त्याखाली दोन वह्या सापडल्या. एकीत लॅगिंगवाल्यांची अकरा पाने. नाव, वय, गाव, तालुका, कंत्राटदार, वर्गणी, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. अक्षर आमचेच, तेव्हा आम्ही कचेरीत पोरसवदा कारकून होतो. ज्या नावापुढे वर्गणी थांबली, तेथे आम्ही शेऱ्यात एकच गोष्ट लिहीत गेलो होतो: 'गावी गेला'. पानेच्या पाने. का गेला, हे एकदाही विचारलेले नाही.

मुलीने बोट ठेवून विचारले, "गावी म्हणजे?" आम्ही तिला तालुक्याचा रकाना दाखवला: पाटण, महाड, संगमेश्वर. तिथल्या सतरा घरी आम्ही दोघे एस.टी.ने जाऊन आलो. काय आढळले ते सांगण्याचा अधिकार तिच्या प्रबंधाचा आहे. राहिलेली घरे पावसाळ्याआधी करायची आहेत; पाटणच्या वरच्या वाड्यांना नंतर गाडी जात नाही.