अल्पसंख्याक व महिला लघुउद्योगांसाठी व्यवस्थापन सल्लासेवा, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, आशियाई व मूलनिवासी समाजांतील उद्योजकांना आणि स्त्री-उद्योजकांना हिशेब, दरआकारणी, भांडवल व निविदा यांबाबत मिळणारे मार्गदर्शन, तसेच त्याला जोडून उभी राहिलेली कर्ज, हमी व शासकीय खरेदीची व्यवस्था. व्यवसाय या गटात धरला जावा यासाठी किमान ५१ टक्के मालकी आणि रोजच्या कारभाराचा ताबा संबंधित व्यक्तींकडे असावा लागतो. या सेवेचा विचार नुसता सल्ला म्हणून करता येत नाही. पत नसेल आणि पहिले मोठे काम हाती आले नसेल, तर उत्तम सल्लाही कागदावरच राहतो, असे तिचा सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगतो.

सरकार या क्षेत्रात उतरण्यापूर्वी हे काम कृष्णवर्णीय समाजाने स्वतःच उभे केले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०० मध्ये बॉस्टन येथे ‘नॅशनल निग्रो बिझनेस लीग’ स्थापन केली. केशप्रसाधनांच्या उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांनी आपल्या विक्रेत्या स्त्रियांना रीतसर प्रशिक्षण दिले आणि १९१७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचे अधिवेशन भरवले. या सर्वांत मॅगी लीना वॉकर यांचे काम अधिक मूलगामी म्हणावे लागेल. व्हर्जिनियातील रिचमंड शहरात त्यांनी १९०३ मध्ये ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ सुरू केली. ज्या समाजाला गोऱ्यांच्या बँका दारात उभे करत नव्हत्या, त्याचीच पै-पैची बचत त्यांनी त्याच समाजाच्या घरांकडे आणि धंद्यांकडे वळवली. सल्ल्याला भांडवलाची जोड हवी, हे सूत्र त्यांनी सरकारच्या कितीतरी आधी ओळखले होते.

लघुउद्योगांसाठी ‘स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ ही संघराज्य शासनाची संस्था १९५३ मध्ये स्थापन झाली. निवृत्त व्यवस्थापकांकडून विनामूल्य सल्ला देणारी ‘स्कोर’ ही योजना १९६४ पासून चालू आहे. १९६०च्या दशकात अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि आर्थिक वंचनेचा प्रश्न ऐरणीवर आला. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ५ मार्च १९६९ रोजी आदेश काढून वाणिज्य खात्यात अल्पसंख्याक उद्योगांसाठी स्वतंत्र कार्यालय उघडले. १९७९ पासून ते ‘मायनॉरिटी बिझनेस डेव्हलपमेंट एजन्सी’ या नावाने ओळखले जाते. २०२१ मध्ये त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. लघुउद्योग कायद्याच्या ८ (ए) या कलमाखालील योजना १९७८ च्या दुरुस्तीने पक्की झाली. तीत पात्र व्यवसायाला नऊ वर्षांपर्यंत शासकीय कंत्राटे राखीव स्पर्धेतून किंवा थेट मिळू शकतात आणि त्या काळात व्यवस्थापनाचे साहाय्यही दिले जाते.

सल्लागार नेमके काय करतो, हे बांधकामाच्या क्षेत्रात स्पष्ट दिसते. विजेची किंवा नळजोडणीची कामे करणाऱ्या छोट्या कंत्राटदाराला आपले काम उत्तम येते. तो अडतो ते दरपत्रकात. माल आणि मजुरी तो धरतो, पण विमा, यंत्रांची झीज आणि स्वतःचा पगार धरायचे राहून जाते. काम मिळते, पण नफा उरत नाही. दुसरी अडचण खेळत्या भांडवलाची. मजुरी दर आठवड्याला चुकवावी लागते आणि सरकारी बिलाचे पैसे मात्र काम झाल्यावर काही आठवड्यांनी येतात. मोठे कंत्राट मिळाल्यामुळेच छोटा व्यवसाय बुडतो, असे या मधल्या काळात घडू शकते. तिसरी आणि सर्वांत चिवट अडचण हमीपत्राची. १९३५ च्या मिलर कायद्यानुसार संघराज्याच्या मोठ्या बांधकामांसाठी काम पुरे करण्याची हमी देणारा जामीन लागतो. जामीन देणारी कंपनी मागच्या कामांचे हिशेब मागते. काम नाही म्हणून हिशेब नाहीत, हिशेब नाहीत म्हणून जामीन नाही, आणि जामीन नाही म्हणून काम नाही. हे चक्र तोडण्यासाठी शासन त्या जामिनाला स्वतःची हमी देते, आणि सल्लागार जमाखर्च अशा रीतीने लावून देतो की जामीनदार कंपनीला तो वाचता यावा. पिढीजात कंत्राटदाराच्या मुलाला या गोष्टी घरातच कळतात, ओळखीच्या बँकरकडून निस्तरता येतात. सल्लासेवा ही कृपा नव्हे. इतरांना वारशाने मिळालेले ज्ञान ती उशिराने पोहोचवते.

स्त्रियांच्या बाबतीत निर्णायक ठरला तो २५ ऑक्टोबर १९८८ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सही केलेला महिला व्यवसाय-मालकी कायदा. तोपर्यंत काही राज्यांत व्यवसायासाठी कर्ज मागणाऱ्या स्त्रीला पतीची किंवा अन्य पुरुष नातलगाची सही आणावी लागे. या कायद्याने ती अट मोडली आणि महिला व्यवसाय केंद्रांची पायाभरणी केली. आज देशभर शंभराहून अधिक केंद्रे आहेत. शासकीय कंत्राटांपैकी ५ टक्के महिलांच्या व्यवसायांना देण्याचे उद्दिष्ट १९९४ मध्ये ठरले. ते पहिल्यांदा गाठले गेले २०१५ या वित्तवर्षात.

खासगी क्षेत्रात मोठ्या कंपन्यांशी गाठ घालून देणाऱ्या व प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचे जाळे १९७२ पासून अल्पसंख्याकांसाठी, तर १९९७ पासून महिलांसाठी आहे.

राखीव कंत्राटांबरोबर नावापुरत्या मालकीचा रोगही आला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ‘वेडटेक’ कंपनीने ८ (ए) योजनेखाली लष्करी कंत्राटे मिळवली, मालकीची खरी स्थिती लपवली आणि अधिकाऱ्यांना लाच दिली. १९८६ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि संसद सदस्यासह अनेकांना शिक्षा झाली.

न्यायालयांनी या व्यवस्थेची चौकट सतत आवळली आहे. मॅगी वॉकर यांच्याच रिचमंडमध्ये निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय असताना शहराच्या बांधकामाच्या मुख्य कंत्राटांपैकी जेमतेम ०.६७ टक्के कंत्राटे अल्पसंख्याक व्यवसायांना मिळत होती. नगरपरिषदेने १९८३ मध्ये कंत्राटाच्या रकमेतील ३० टक्के वाटा त्यांच्यासाठी राखला. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ‘क्रोसन’ खटल्यात तो नियम रद्द केला. शहरानेच पूर्वी केलेल्या भेदभावाचा नेमका पुरावा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. शून्य टक्क्याच्या जवळ रेंगाळणारा आकडा हाच मोठा पुरावा नव्हता का, हा प्रश्न त्या निकालाने मिटलेला नाही. जुलै २०२३ मध्ये टेनेसीतील संघराज्य न्यायालयाने वंशावरून वंचितपण गृहीत धरण्यास ८ (ए) योजनेला मनाई केली. त्यानंतर अर्जदारांना आपल्यावर झालेल्या भेदभावाची हकिकत स्वतः लिहून द्यावी लागली. मार्च २०२४ मध्ये टेक्सासमधील संघराज्य न्यायालयाने तशाच कारणावरून ‘मायनॉरिटी बिझनेस डेव्हलपमेंट एजन्सी’ला रोखले. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांनी ही एजन्सी कायद्याने अनिवार्य तेवढ्याच कामापुरती उरवण्याचा आदेश दिला.

भारतीय वंशाच्या उद्योजकांचा ८ (ए) योजनेतील वंचित गटांत समावेश १९८२ मध्ये झाला. तेथील मराठी व्यावसायिकही त्यांत आले. राखीव खरेदीच्या कल्पनेचा प्रवास उलट दिशेने, भारताकडेही झाला. जानेवारी २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्यात अमेरिकी धर्तीवर दलित पुरवठादारांकडून खरेदी करण्याची मागणी आहे. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी ‘दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री’ स्थापन केली. भारताच्या केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठरला. २०१८ मध्ये महिलांसाठी ३ टक्क्यांची भर पडली. दलित-आदिवासी उद्योजकांना निविदा, नोंदणी व प्रशिक्षण यांत हात देणारे राष्ट्रीय केंद्र मात्र त्या धोरणानंतर चार वर्षांनी, २०१६ मध्ये सुरू झाले. वाटा आधी आणि तो घेण्याची तयारी नंतर, असा हा क्रम झाला.