ईश्वरी सत्ता आणि मानवी इच्छास्वातंत्र्य : ख्रिस्तपुराणाच्या काळातील वाद

सर्व काही ईश्वराच्या इच्छेने घडत असेल, तर पापाचा दोष माणसाकडे कसा जातो? आणि माणूस खरोखर स्वतंत्र असेल, तर ईश्वराला सर्वसत्ताधीश कसे म्हणावे? ख्रिस्ती धर्मविचारातील हा अतिशय जुना प्रश्न आहे. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी पेलेजियसच्या मताचे खंडन केले. ईश्वरी कृपेवाचून मनुष्य केवळ स्वतःच्या बळावर पुण्यमार्गाला लागू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

सोळाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. पतित मानवाची इच्छा पापाची बंदिवान आहे, असे मार्टिन ल्यूथर यांनी मांडले. कोणाचा उद्धार व्हावा हे ईश्वराने आधीच ठरविले आहे, असे जॉन कॅल्विन यांचे मत होते. उलट ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये निर्णय दिला, की पापामुळे इच्छास्वातंत्र्य दुर्बल झाले, पण नष्ट झाले नाही. कृपा आधी येते, ती स्वीकारणे वा नाकारणे माणसाच्या हाती राहते.

मात्र कॅथलिकांतही एकमत नव्हते. कोणत्या परिस्थितीत कोण कोणती निवड स्वेच्छेने करील हे ईश्वर जाणतो व त्यानुसार जगाची योजना करतो, असे जेझुइट पंडित लुईस दे मोलिना यांनी 1588 मध्ये मांडले. डोमिनिकन पंडितांना यात ईश्वराच्या सत्तेला उणेपणा येतो असे वाटले. अखेर 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कोणत्याही पक्षाला दोषी न ठरवता, एकमेकांना पाखंडी म्हणण्यास मनाई केली.

याच काळात मूळचे इंग्लंडचे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स सासष्टीत कार्यरत होते. ते 1579 मध्ये गोव्यात आले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती व आदाम-हव्वेचे पतन येते. मराठी श्रोत्याला कर्म आणि प्रारब्ध हे शब्द परिचित होते. पण प्रारब्ध हे जिवाच्याच पूर्वकर्माचे फळ, तर ख्रिस्ती विचारातील ईश्वरी योजना ही सगुण ईश्वराची इच्छा, हा भेद मूलभूत आहे.

गोव्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. सक्तीचे धर्मांतर अयोग्य, असे 1567 च्या गोवा धर्मपरिषदेने म्हटले. त्याच वर्षी सासष्टीतील देवळे पाडली गेली. 1583 मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना ठार केले. श्रद्धा ही स्वेच्छेची देणगी असेल, तर राजसत्तेच्या धाकात तिचे मोल काय, हा प्रश्न इतिहासाने येथे अनुत्तरित ठेवला.

ईश्वराच्या योजनेत प्रत्येक माणसाच्या स्वतंत्र प्रतिसादाचाही समावेश असतो, अशी भूमिका कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षा ग्रंथात आहे. दोन्ही सत्ये एकत्र कशी नांदतात, याचे एकच स्पष्टीकरण मात्र चर्चने आजही बंधनकारक केलेले नाही.